चेहरा तेलात, अंगरखा पाण्यात

दिवाळी जवळ आली की एक प्रश्न मला हमखास येतो: ऑइल घेऊ की ॲक्रिलिक? किल्ल्यावर ठेवायचे मावळे रंगवणारी कॉलेजची पोरं विचारतात, भाचा विचारतो. एका पेशंटनं तर खुर्चीत आ करून बसलेला असताना, तोंडात सक्शन असताना, हातवारे करून विचारलं. मी दातांची डॉक्टर आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत दवाखाना आहे आणि बाहेरच्या बाकासमोर काचेच्या कपाटात मी रंगवलेल्या छोट्या फिगर मांडल्या आहेत. लहान मुलं त्या बघत बसतात आणि रडायचं विसरतात, त्यामुळे कपाटाचा खर्च दवाखान्याच्या नावावर टाकताना मला काही वाटत नाही.

या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं ते असं: वेळ कमी असेल तर ॲक्रिलिक, भरपूर असेल तर ऑइल. मला ते पटत नाही. तुमच्याकडे वेळ किती आहे याच्या आधी तो कसा तुकड्यातुकड्यांत मिळतो ते बघा.

माझंच घ्या. रात्री नऊला दवाखाना बंद. घरी जेवणं उरकून टेबलाशी बसेपर्यंत दहा. मग मुलीला भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राचा नकाशा काढून हवा असतो, सासूबाईंना बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नसतं, आणि कुणाची तरी दाढ नेमकी साडेदहालाच ठणकायला लागते. "मॅडम, लवंग धरली, तरी ऱ्हाईना झालंय." दहा मिनिटं बोलून परत यावं तर पॅलेटवरचा ॲक्रिलिक वाळून चामड्यासारखा झालेला. तीन रंग मिसळून जमवलेली मधली छटा गेली ती गेलीच. पुन्हा करायला घेतली की ती कधी जरा पिवळी होते, कधी जरा लाल, आणि आधी लावलेल्या थराशेजारी लगेच उठून दिसते. ऑइल मात्र जिथं ठेवलं तिथंच, तसंच असतं. नकाशा होतो, गोळी होते, दाढ होते, आणि गालावरची सावली अजून ओलीच असते. ब्रश उचलायचा आणि पुढं चालू करायचं.

असं का होतं, ते थोडक्यात सांगते. ॲक्रिलिकमध्ये रंगाची पूड आणि प्लॅस्टिकच्या जातीच्या राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा पापुद्रा होतो. एकदा पापुद्रा झाला की पाणी घालून तो पुन्हा सुटत नाही. ऑइलमध्ये बहुतेक वेळा जवसाचं तेल असतं. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. हे तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होत जातं, आणि हे काम सावकाश चालतं. म्हणून ऑइलला वाळायला फार वेळ लागतो ही तक्रार खरी आहे, पण तो वेळ तुमचा जात नाही. फिगर कपाटात उलट्या डब्याखाली वाळत असते तेव्हा मी कुणाचं तरी रूट कॅनाल करत असते.

सगळे ऑइल रंग एकाच वेगानं वाळत नाहीत, हे मात्र आधीच ठाऊक असलेलं बरं. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी लवकर वाळतो, कारण त्या मातीत मुळातच मँगनीज असतं आणि ते तेलाला घट्ट व्हायला मदत करतं. टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. ॲलिझरिन क्रिमझन या गडद लालाचं तर विचारूच नका. फिगरवर थर अगदी पातळ असतो म्हणून कॅनव्हासपेक्षा बरंच लवकर भागतं, पण पांढरा जास्त घातलेली जागा सगळ्यात शेवटी वाळणार हे धरून चाला.

आता चेहऱ्याकडे येते, कारण माझा सगळा कल तिथं ठरतो.

७५ मिमीच्या फिगरचं डोकं साधारण चिंचोक्याएवढं. त्यात कपाळ, भुवया, डोळे, नाक, मिशा, हनुवटी सगळं बसवायचं. एवढ्या लहान वस्तूवर खोलीतला उजेड पुरेशा सावल्या पाडत नाही. आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातली रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती बघायला गेलात तर जरा बाजूला सरकून, वेगवेगळ्या कोनांतून बघा. मूर्तिकारानं स्नायू आणि दाढी कोरताना किती खोल जाऊन काम केलंय ते उजेड तिरका पडला की कळतं, आणि समोरून पडला की त्यातलं बरंचसं दिसेनासं होतं. आपल्या फिगरचं तेच. म्हणून डोळ्याच्या खोबणीतली, गालफडाखालची, नाकाच्या बुडाची सावली रंगानंच घालावी लागते, आणि कपाळ, नाकाचा दांडा, गालाचा उंचवटा इथला उजेडही रंगानंच. उजेड आणि सावली यांच्यामधली कड कुठं दिसता कामा नये. सगळी मेख इथं आहे.

ॲक्रिलिकमध्ये ही कड घालवायला पातळ केलेल्या रंगाचे थरावर थर द्यावे लागतात, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जरा छोटा, जरा उजळ. ज्यांना हे जमतं त्यांचे चेहरे बघून मी थक्क होते. पण त्यासाठी सलग बैठक लागते आणि ती माझ्याकडे नाही. ऑइलमध्ये मी दोन रंग शेजारी ठेवते आणि कोरड्या ब्रशनं मधली रेघ मोडते.

प्रत्यक्षात ते असं होतं. चेहऱ्याला आधी मध्यम तपकिरी ॲक्रिलिकचा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, हात देऊन तो रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ऑइलचे ठिपके ट्यूबमधून थेट पॅलेटवर न काढता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढायचे. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे आमच्याकडे ढिगानं असतात. अर्ध्या तासात ठिपक्याभोवती तेलाचा डाग पसरतो. जादा तेल पुठ्ठा पितो आणि रंग वाळल्यावर फार चमकत नाही. फार वेळ ठेवला तर मात्र रंग भुसभुशीत होतो, तेव्हा लक्ष ठेवायचं. मग मूळ त्वचेच्या छटेचा अगदी पातळ हात सगळ्या चेहऱ्यावर फिरवायचा आणि कोरड्या ब्रशनं जवळजवळ सगळा पुसून घ्यायचा, नुसता ओलसरपणा राहील इतका. त्यावर बर्न्ट अंबरमध्ये कणभर निळा अल्ट्रामरीन मिसळून सावल्यांच्या जागी ठिपके, आणि मातकट पिवळा ऑकर, पांढरा, थोडा लाल मिसळून उजेडाच्या जागी ठिपके. या टप्प्यावर चेहरा देवी आल्यासारखा दिसतो, घाबरू नका. आता स्वच्छ, कोरडा, बोथट ब्रश घ्यायचा आणि दोन ठिपक्यांच्या सीमेवर उभा टेकवत जायचा. घासायचं नाही, टेकवायचं. दोन-तीन वेळा टेकवला की टिश्यूवर पुसायचा, नाहीतर सावली ओढत ओढत कपाळापर्यंत जाते. हळूहळू सीमा विरते आणि तुमच्या डोळ्यांदेखत गालफड वर येतं.

या कामाला माझ्याकडे एक खास हत्यार आहे. दातात सिमेंट भरण्याआधी बाँडिंगचं द्रव लावायला आम्ही बारीक गोल टोकाच्या काड्या वापरतो. टोकावर लव असते, केस सुटत नाहीत, वाकवली तरी चालते. डोळ्याच्या खोबणीत सावली विरवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. ऑनलाइन शंभराच्या पुड्यात मिळतात. दुसरी गोष्टही दवाखान्यातलीच: करंगळीशेजारचं बोट कुठंतरी टेकवल्याशिवाय आम्ही तोंडात हत्यार घालत नाही. फिगर औषधाच्या जुन्या बाटलीच्या झाकणावर चिकटवा, बाटली डाव्या हातात धरा, आणि उजव्या हाताचं टेकूचं बोट त्याच बाटलीवर ठेवा. दोन्ही हात एकत्र हलतात, मग थरथर जाणवत नाही. ब्रश तीन शून्यांचा घ्यायचा मोह होतो. तो टाळा आणि चांगलं टोक असलेला एक नंबरचा घ्या. बारीक ब्रशमध्ये रंगच मावत नाही, आणि ॲक्रिलिक असेल तर तो फिगरपर्यंत पोचायच्या आधी टोकावर वाळतो.

त्वचेच्या रंगाबद्दल माझी एक जुनी कुरकुर आहे. जवळजवळ सगळे व्हिडिओ गोऱ्या युरोपियन शिपायाचा चेहरा रंगवून दाखवतात. गुलाबी बेस, त्यावर फिकट गुलाबी, नाकावर लालसर. तेच गणित घेऊन मावळा रंगवला तर तो ईस्ट इंडिया कंपनीतून फितून आलेला वाटतो. मावळातल्या उन्हात वाढलेल्या माणसाची कातडी रंगवायला तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर हे मुख्य. पांढरा फार जपून, कारण गव्हाळ किंवा सावळ्या रंगात पांढरा जास्त झाला की कातडी राख फासल्यासारखी दिसते. उजेडाच्या जागी पांढऱ्याऐवजी ऑकर वाढवा, थोडा नेपल्स यलो चालेल. सावलीत काळा घालू नका. अंबर आणि अल्ट्रामरीनचा जो गडद रंग होतो तो जिवंत दिसतो. ओठ गुलाबी करू नका, सिएनात लाल मिसळला की झालं. दाढीचा भाग किंचित निळसर करड्या छटेनं विरवला तर गडी दोन दिवस घोड्यावर आहे हे सांगावं लागत नाही. डोळ्यात निव्वळ पांढरा कधीच नको, आणि बुबुळ वरच्या-खालच्या दोन्ही पापण्यांना टेकलं पाहिजे, नाहीतर भूत बघितल्यासारखे डोळे होतात.

ऑइलचा आणखी एक फायदा इथं कळतो. ॲक्रिलिक ओला असताना त्यातलं माध्यम दुधट असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून रंग वाळला की एक घर गडद होतो. ऑइलमध्ये मिसळताना जे दिसतं जवळजवळ तेच राहतं. त्वचेच्या छटेत एवढ्याशा फरकानं माणूस आजारी दिसायला लागतो, म्हणून मला ही खात्री लागते.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग सगळंच तेलात का नाही रंगवत? तर नाही. अंगरखा, शेला, पगडी, सुरवार, ढालीवरची फुलं, म्यानाची वेलबुट्टी हे सगळं माझ्याकडे ॲक्रिलिकमध्येच होतं. कापडाला घडीची धारदार कड हवी असते आणि ऑइलमध्ये ती धार टिकवणं जिवावर येतं. किनारीची बारीक रेघ चुकली तर ॲक्रिलिकमध्ये पाच मिनिटांनी वरून मूळ रंग मारून टाकता येते. ऑइलमध्ये पुसायला जावं तर खालचंही निघतं. आणि पांढरा अंगरखा तेलात रंगवायला घेतलात तर तो वाळायची वाट बघत बसा. शिवाय जवसाच्या तेलातला पांढरा काळानुसार पिवळसर होत जातो. म्हणून पांढरं कापड मी कायम ॲक्रिलिकमध्ये करते: बेस करडा आणि ऑकर मिसळलेला, उजेड फिकट हस्तिदंती, आणि निव्वळ पांढरा फक्त घडीच्या टोकावर. धातूही ॲक्रिलिकच. तलवारीच्या पात्याला चंदेरी ॲक्रिलिक आणि तो पक्का वाळल्यावर काळा-अंबर ऑइल पाण्यासारखा पातळ करून मुठीच्या खाचेत सोडायचा. खाच तो आपोआप ओढून घेते.

ॲक्रिलिकमध्येही दोन जाती आहेत. आर्टच्या दुकानात ट्यूबमध्ये मिळतो तो कॅनव्हाससाठी केलेला असतो. तो घट्ट असतो, वाळल्यावर जरा चकाकतो आणि त्यात ब्रशचे पट्टे राहतात. व्हॅलेहोसारख्या कंपन्यांचे थेंबाथेंबानं काढायच्या बाटलीतले रंग खास फिगरसाठी असतात. मॅट असतात, पूड बारीक आणि भरपूर, पातळ थरातही झाकतात. ते आपल्याकडे बहुतेक ऑनलाइनच मागवावे लागतात आणि स्वस्त नाहीत. ट्यूबचा रंग वापरायचा असेल तर नुसतं पाणी घालून पातळ करत सुटू नका. पाणी फार झालं की राळेचे कण एकमेकांपासून लांब पडतात, पापुद्रा नीट जमत नाही आणि बोट लागलं तरी रंग निघतो. थोडं मॅट मीडियम, म्हणजे बिनरंगाची तीच राळ, मिसळा. किल्ल्यावर चार दिवस उभ्या राहणाऱ्या मातीच्या मावळ्याला ट्यूबचा रंग पुरे आहे, त्याला उगीच परदेशी बाटली कशाला?

गंगावेशीत कुंभारांकडून आणलेल्या मातीच्या किंवा प्लॅस्टरच्या मावळ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यावर ऑइल थेट लावू नका. माती तेल पिऊन टाकते आणि वर कोरडी, फिकी पूड राहते. आधी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, किंवा पातळ ॲक्रिलिकचे दोन हात द्या. रेझिनच्या फिगरचं उलट असतं. साच्यातून सुटावी म्हणून तिला तेलकट काहीतरी लावलेलं असतं. भांड्याच्या साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं घासून धुतल्याशिवाय प्रायमर धरत नाही. (टूथब्रश जुना असावा हे मी दातांची डॉक्टर म्हणूनही सांगते. तीन-चार महिन्यांनी बदलायचाच असतो, इथं कामाला येतो.)

दोन्ही रंग एकाच फिगरवर वापरायचे तर क्रम मोडायचा नाही: ॲक्रिलिक खाली, ऑइल वर. वाळलेल्या ॲक्रिलिकवर ऑइल छान बसतं. ऑइलवर ॲक्रिलिक लावलं तर पाणी आधी थेंबाथेंबात गोळा होतं, आणि चुकून बसलंच तर खालचं तेल अजून हळूहळू आकसत, घट्ट होत असतं आणि वरचा पापुद्रा तडकतो किंवा सुटतो. म्हणून मी सगळे कपडे, पट्टे, धातू आधी उरकते आणि चेहरा व हात शेवटी घेते. कपाळावरचं गंध त्याच्याही नंतर, आणि तेही ऑइलमध्येच. चंद्रकोर काढायची असेल तर चेहरा पक्का वाळू द्यावा. मग कोर वाकडी झाली तर कोरड्या ब्रशच्या टोकानं उचलता येते आणि खालच्या कपाळाला धक्का लागत नाही.

हवामानाचं कुणी सांगत नाही, कारण सांगणारे बहुतेक थंड देशातले असतात. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली ॲक्रिलिक घेऊन बसणं म्हणजे शिक्षा आहे. रंग ब्रशवरच वाळतो. तेव्हा ओलं पॅलेट लागतंच: मिठाईचा चपटा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाण्यानं भिजवलेला स्पंजचा पातळ तुकडा, वर बटर पेपर. रंग कागदावर राहतो आणि खालून ओल मिळत राहते. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. हेच पॅलेट जुलैत वास मारायला लागतं, स्पंज सारखा बदलावा लागतो. ऑइलचं पारडं बरोबर उलटं. उन्हाळ्यात चेहरा भराभर वाळतो, आणि पावसाळ्यात, आठवडाभर सूर्य दिसत नाही तेव्हा, बोट लावून बघावं तर अजून चिकट. म्हणून माझ्या घरी मार्चपासून मेपर्यंत चेहरे आणि घोडे, आणि पाऊस सुरू झाला की कपडे, ढाली, पाया.

घोडे म्हटलं म्हणून. घोडा रंगवायचा असेल तर तेलाला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. तांबड्या घोड्याला आधी नारिंगी-ऑकर ॲक्रिलिकचा हात द्यायचा, तो वाळला की अख्खा घोडा बर्न्ट अंबर आणि थोड्या काळ्या ऑइलनं माखायचा, आणि मग पुसायला सुरुवात करायची. पुठ्ठा, स्पंजचा तुकडा, बोट, काय हवं ते. पाठीवर, मांडीच्या गोलाव्यावर, मानेच्या वळणावर जास्त पुसायचं म्हणजे खालचा तांबूस रंग चमकतो. पोटाखाली, पायांच्या मध्ये, आयाळीच्या मुळाशी तसंच ठेवायचं. रंग लावून नव्हे, काढून घोडा तयार होतो. ॲक्रिलिकमध्ये हे करायला जाल तर अर्धी पाठ पुसून होईपर्यंत अर्धी वाळलेली असेल. पंचकल्याणी करायचा असेल तर चारी पाय आणि तोंडावरचा पट्टा ॲक्रिलिकमध्ये आधीच पांढरे करून ठेवा आणि तेल तिथं फिरकू देऊ नका.

आपल्या गावात ऑइलची सोय चांगली आहे, हाही मुद्दा आहेच. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यापासून इथं चित्रकारांची रांगच आहे, आणि दळवीज, कलानिकेतनसारख्या चित्रकलेच्या संस्थांमुळे ऑइलच्या ट्यूब, जवसाचं तेल, चांगले ब्रश हे सगळं गावातच मिळतं. कॅमलच्या आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूब फिगरच्या कामाला व्यवस्थित पुरतात. एका चेहऱ्याला मुगाएवढा रंगही लागत नाही, त्यामुळे छोटी ट्यूब कित्येक वर्षं जाते. त्या हिशेबानं ऑइलच स्वस्त पडतं. स्टुडंट दर्जाच्या ट्यूबमध्ये मात्र भुकटी भरलेली असते आणि पातळ थरात रंगच दिसत नाही, तिथं पैसे वाचवू नका.

वासाचं काय? हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन फ्लॅटमध्ये आणू नका एवढंच सांगते. सासूबाईंनी पहिल्याच रात्री जाहीर केलं, "घराला रंग लावायला माणूस आलाय का?" तेव्हापासून मी आर्टच्या दुकानातला बिनवासाचा थिनर वापरते. पण वास नाही म्हणजे वाफ नाही असं समजू नका. खिडकी उघडी हवीच. ॲक्रिलिकवाल्यांना ब्रशचं टोक जिभेवर फिरवून अणकुचीदार करायची खोड असते. मी रोज लोकांच्या तोंडात बघते, मला ते बघवत नाही. ऑइलमध्ये तर अजिबात नको, कॅडमियमसारखे रंग पोटात जायच्या लायकीचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जवसाच्या तेलात भिजलेले कापूस, चिंध्या, टिश्यू गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता निघते, ढिगाच्या आत ती कोंडते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. मी ते पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकते.

सध्या टेबलावर पावनखिंडीतला एक मावळा आहे. जुलै १६६०, रात्रभर पावसात पन्हाळ्यावरून मसाई पठार तुडवत आलेला माणूस. बाजारातले असे मावळे बहुतेक इस्त्रीच्या कपड्यांत असतात, आणि मला तेच खटकतं. कपडे ॲक्रिलिकमध्ये करून झालेत, नेहमीपेक्षा दोन घरं गडद, कारण भिजलेलं कापड गडद दिसतं. आता गुडघ्यापर्यंत चिखल करायचाय, आणि चिखल हे ऑइलचं खास काम. पन्हाळ्याच्या बाजूची माती जांभ्याची, तांबडी. म्हणून बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर, थिनरमध्ये पातळ करून खालून वर सोडायचा. वरची कड ओल्या ब्रशनं विरवायची म्हणजे चिखल पायमोज्यासारखा न दिसता उडाल्यासारखा दिसतो. सुरवारीच्या घडीत थोडा जास्त साचू द्यायचा. खांद्यावर आणि पगडीवर शेवटी चकाकणाऱ्या वॉर्निशचे मोजके हात, पाणी अजून निथळतंय असं वाटण्यापुरते.

बाकी सगळ्यावर मॅट वॉर्निश. ऑइल कितीही पुठ्ठ्यावर कोरडं केलं तरी एखाद्या गालावर चमक राहतेच, ती मॅटनं जाते. पण चेहरा पूर्ण वाळल्याशिवाय नाही, आणि पावसाळ्यात स्प्रेचं मॅट वॉर्निश तर अजिबात नाही. हवेत दमटपणा असला की त्यावर पांढरं धुकं धरतं आणि सगळी मेहनत दह्यात बुडवल्यासारखी दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रशनं लावायचं वॉर्निश घ्या, किंवा सरळ ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबा.

नवीन सुरुवात करणाऱ्यानं दोन्हींचे मोठे सेट घेऊ नयेत. कपड्यांसाठी ॲक्रिलिकच्या पाच-सहा बाटल्या: हस्तिदंती, करडा, काळा, गडद लाल, तपकिरी, चंदेरी. चेहऱ्यासाठी ऑइलच्या ट्यूब: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन, एखादा लाल आणि टायटॅनियम व्हाइट. यात मावळा, घोडा, चिखल सगळं होतं. बाकी ट्यूब छोट्या घेतल्या तरी चालतील. पांढरी मात्र मोठी घ्या, घोड्यापाठोपाठ बैलजोडी करावीशी वाटली की तीच आधी संपते.